शिंगांचा रंग

१९९४ च्या पोळ्याला तातेराव दुपारी जेवायला बसले, तेव्हा उषाबाईंनी पुरणपोळीच्या आधी ताटाशेजारी एक पुस्तक ठेवलं. पुस्तकाला तेलरंगाचा वास येत होता.

"उघडा तर खरं," त्या म्हणाल्या.

कुंभार पिंपळगावच्या शाळेत तातेराव इंग्रजी शिकवत. पुस्तक त्यांचं नव्हतं, आष्टीच्या त्यांच्या मित्राचं, रामकिसनचं होतं. अमेरिकेतल्या एका महावीराच्या जुन्या चित्रकथा तीस वर्षांनी पुन्हा छापलेल्या, पातळ कागदावर, नुसत्या काळ्या शाईत. शिंगांचा टोप घालणारा हा वीर शेवटच्या पानावर एका हातानं पुलाला लोंबकळत होता. दुसरा भाग रामकिसनकडे होता. पहिला जसा नेला तसा परत आला तरच दुसरा, अशी त्याची अट होती, आणि पुस्तक न्यायला तो आज संध्याकाळीच येणार होता.

रामकिसनच्या मते रंगीत छपाईत चित्रकाराचा हात बुजून जातो. काळ्यापांढऱ्यात कुंचला कुठं दाबला, कुठं उचलला, सगळं दिसतं. तातेरावांना ते इतकं पटलं होतं, की पंधरा दिवस ते एकेका रेघेवर थांबून वाचत होते.

त्यांनी पुस्तक उघडलं. वीराची शिंगं हिंगुळी लाल होती. टोकांना बेगड चिकटवली होती.

"संपतकडून रंगवून घेतलं," उषाबाई म्हणाल्या. "बिनरंगाचं पुस्तक गळ्यात मारलं तुमच्या कोणीतरी. रोज तेच घेऊन बसता, माझा जीव तुटायचा. सण हाय म्हणलं."

"अगं, हे रामकिसनचं हाय."

"मंग त्यांनाबी बरं वाटंल."

संपत एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि पोळ्याला अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं. तातेराव ताटावरून उठून पुस्तक घेऊन त्याच्याकडे गेले.

"सर, मला इंग्रजी येत न्हाई," संपत म्हणाला. "शिंगं दिसली. हिंगूळ कालवलेलाच व्हता."

"आणि ह्या बाईचे कपडे लाल का?"

"कागद पातळ हाय. शिंगाचा रंग पलीकडं उतरला, बाईच्या खांद्यावर डाग पडला. नुसता डाग बरा दिसंना, मंग सगळी बाईच लाल केली. तिचा रंग फुटून मागचा राक्षस लाल झाला. असं करत करत शेवटाला गेलो."

"मधी थांबता आलं न्हाई?"

"थांबणारच व्हतो. पर पुढं काय व्हतं ते बघायचं व्हतं." संपतनं कुंचला बाजूला ठेवला. "पडतो का हो सर, तो पुलावरून?"

तातेरावांनी घरी येऊन पहिलं पान रॉकेलच्या बोळ्यानं पुसून पाहिलं. हिंगूळ निघाला नाही. वीराचं नाक निघालं.

संध्याकाळी रामकिसन आला. चहा निवेपर्यंत तो एकेक चिकटलेलं पान सोडवत शेवटापर्यंत गेला.

"चूक आमची हाय," तातेराव म्हणाले. "दुसरं पुस्तक मागवून देतो. पर तेवढा दुसरा भाग वाचू दे."

"दुसरा भाग न्हाई माझ्याकडं."

"हे बराबर न्हाई, रामकिसन. इतका राग?"

"राग कशाचा? दुसरा भाग कधी नव्हताच." रामकिसननं कप उचलला. "माझी अकरा पुस्तकं लोकांनी नेली, एकबी परत आलं न्हाई. तवापासून दुसरा भाग हाय म्हणतो, की पुस्तकं जल्दी परत येतेत."

दारात केव्हाचा उभा असलेला संपत म्हणाला, "मंग तो तसाच लोंबकळून राह्यला?"

तातेराव उठले. कपाटातून कोरी वही आणि काळ्या शाईची दौत काढून त्यांनी संपतपुढे ठेवली.

"पूल काढता येतो का तुला?"

"एक काढल्ता, सिमेंटच्या दुकानावर."

"गोष्ट मी सांगतो. पर नुसती काळी शाई. रंग बिलकुल न्हाई."

"बिलकुल न्हाई," संपतनं मान हलवली.

रामकिसनच्या मांडीवर पहिला भाग अजून उघडाच होता. एका शिंगाची बेगड सुटत आली होती. ती त्यानं अंगठ्यानं नीट दाबून बसवली.

"रंग नकोच," तो म्हणाला. "शिंगं तेवढी लाल राहू द्या."