तिसरा बसते का?

आमच्या पांढुर्ण्यात बर्फाला दोनच गिऱ्हाइकं. एक रसवंतीवाला, आणि दुसरं म्हणजे ज्या घरात मयत झालंय आणि पुण्याचा मुलगा अजून गाडीत आहे ते घर. तिसऱ्या कशाला कोणी बर्फ घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. अशा गावात एक माणूस रोज सकाळी ओसरीवर बसून बर्फाच्या डोंगरावर चालणाऱ्या गाड्यांची तुलना करतो. आणि ती मला ऐकावी लागते, कारण त्याची आणि माझी भिंत एक आहे आणि मी शाळेत इंग्रजी शिकवतो.

"सर, या जी. पिवळीचं नवं मॉडेल आलं."

ही पिवळी म्हणजे परदेशातल्या एका कंपनीची स्नोमोबाइल. पुढे बर्फावर घसरायला दोन फळ्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, वर मोटरसायकलचं हँडल. एक हिरवी आहे, एक लाल आहे. कंपन्यांची नावं गुलाबरावांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून रंग.

गुलाबराव कळंबे सौंसरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आयुष्यभर सेल्समन होते. पण गिऱ्हाईक दारात आलं की हे म्हणत, "घाई काऊन करून राहिले बावा? पुढचं मॉडेल येऊ द्या. पुढच्या साली याच्यात पॉवर स्टेरिंग येऊन राहिलं." मालक कपाळावर हात मारून घ्यायचा. काढून टाकायचीही सोय नव्हती, कारण तेच गिऱ्हाईक पुढच्या साली यायचं आणि गुलाबराव नसतील तर परत जायचं.

घरातही तेच. वॉशिंग मशीनचं पुढचं मॉडेल येऊ द्यायच्या नादात त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, धुणं अजून दगडावर आहे. बाजारात वांगी घ्यायची तर चार दुकानं पाहून पाचव्याला म्हणणार, "उद्या आनखी चांगली येतीन न?" माझ्यासाठी बोरगावला मुलगी पाहायला यांना बरोबर नेलं, ही माझ्या वडिलांची चूक. पोहे खाता खाता, मुलीच्या बापासमोर म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पन तिगावचीबी एक पाहून घ्या." बोरगावची ती पोरगी आज माझी बायको आहे आणि गुलाबरावांना चहा देताना ती कप जरा जोरातच ठेवत आली.

त्यांचा एकुलता एक मुलगा नितेश. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. एकदा त्याला वरच्यांनी विचारलं, की खाली मैदानात राहून ट्रक दुरुस्त करणार, की वर बर्फात जाऊन स्नो-स्कूटर, म्हणजे असलीच गाडी, चालवायला शिकणार? त्याने फोन करून बापाला विचारलं. बापाला आयुष्यात यापेक्षा आवडता प्रश्न कोणी विचारला नव्हता. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, मला बोलावून त्यातलं इंग्रजी समजून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला.

"ट्रक तं कोनीबी चालवते. हे मशीन देशात किती जनाले येते? वर जा."

नितेश वर गेला.

त्यानंतर आमच्या गल्लीत बर्फाचाच विषय. ताज्या बर्फात गाडी रुतते, म्हणून पट्टा लांब हवा. पट्ट्याचे दात उंच हवेत. वजन कमी हवं. उंचावर हवा विरळ, तिथे इंजिनाला धाप लागते, म्हणून टर्बो हवा. हे सगळं गुलाबराव भाजीवाल्यालाही सांगत. फक्त एक अडचण होती. बर्फात रुतणं म्हणजे काय, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते जिनिंगमध्ये गेले. हंगामाचे दिवस होते, अंगणात कापसाची घराएवढी उंच गंजी लागली होती. गुलाबराव चप्पल काढून सरळ त्या गंजीत शिरले आणि कमरेपर्यंत गेले. मग हमालांकडून एक लांब फळी मागवली, ती कापसावर टाकली आणि तिच्यावर उभे राहिले. नाही रुतले. "पाहा! पाहा! लंबा पट्टा!" असं ओरडत असताना फळी कलली आणि ते डोक्यावर पडले. चार हमालांनी पाय धरून ओढून काढलं. मिशांना, भुवयांना कापूस चिकटलेला. एकाने मोबाइलवर फोटो काढून नितेशला पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा तो हसून हसून बोलू शकत नव्हता. "बाबा, एकदम बराबर पडले तुम्ही. मीबी पहिल्या दिवशी असाच पडलो."

त्या हिवाळ्यातच तो गेला.

वरच्या चौकीवर एक जवान आजारी पडला. त्याला आणायला नितेश आणि त्याचा जोडीदार स्नो-स्कूटर घेऊन गेले. गाडी दोघांची. परतताना तिघे झाले, आणि ताज्या बर्फात तिघांच्या वजनाने ती खाली बसू लागली. नितेश उतरला. जोडीदाराच्या हातात हँडल दिलं, आजाऱ्याला मागे बांधलं आणि म्हणाला, "तुम लोग निकलो, मैं पीछे से चलते आता हूँ." ते दोघे पोहोचले. याच्यावर डोंगराचा बर्फ सरकला.

तो जोडीदारच नितेशला घेऊन पांढुर्ण्याला आला. सगळं आटोपल्यावर ओसरीवर बसून त्याने हे सांगितलं. पोरगा रडत होता, आम्ही सगळे रडत होतो, आतून काकूंचा आवाज येत होता. गुलाबरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, पट्टा कितना लंबा था?"

पोराने डोळे पुसत सांगितलं. गुलाबरावांनी मान हलवली. "छोटा पडा. लंबा रहता तो तीनों आते."

म्हातारा कामातून गेला, असं गावाने त्याच दिवशी ठरवून टाकलं. मलाही तसंच वाटलं. तेराव्यानंतर काही दिवसांनी जिनिंगमधला हमाल धावत माझ्याकडे आला, "सर, तुमचे काका पुन्हा गंजीत घुसले." मी गेलो. या वेळी फळी नव्हती. कापसाच्या बाहेर फक्त पायाचे तळवे दिसत होते. ओढून काढलं तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. मी संतापलो. सगळ्यांदेखत ओरडलो त्यांच्यावर. ते खोकत खोकत, दाढीतला कापूस काढत म्हणाले,

"मरून नवतो राहिलो, सर. श्वास येते का पाहून राहिलो होतो. थोडा येते. थोडा वेळ येते."

मी त्यांना मोटरसायकलवर बसवून घरी आणलं.

आता त्यांची तुलना चालू आहे ती एकाच प्रश्नासाठी. डोंगरावरच्या गाड्या हलक्या, लांब पट्ट्याच्या, खोल बर्फात माशासारख्या जाणाऱ्या. पण त्या एकट्या माणसासाठी बनवतात. ज्या गाड्यांवर जास्त माणसं बसतात त्या जड. मळलेल्या वाटेवर ठीक, ताज्या बर्फात बसकण मारतात. गुलाबरावांना दोन्ही एकात हवं आहे. पिवळी हलकी, पण सीट आखूड. हिरवीचे दात चांगले, पण मागे पेट्रोलचा डबा ठेवायलाही जागा नाही. लालला टर्बो आहे, बटणावर चालू होते, हातात जाड मोजे असले तरी अडचण नाही. पण.

"तिसरा बसते का?"

"नाही बसत, काका."

"आपल्या इथं फटफटीवर चौघं जाते सौंसरले. नवरा, बायको, दोन पोट्टे, अन् वरून संत्र्याचं पोतं. नितेशले ट्रिपल सीटसाठी दोन डाव पोलिसानं धरलं होतं. अन् हे एवढे मोठे इंजिनेर लोक, याहीले तिसरा मानूस बसवता येत नाई? कोनाचा तिसरा नसते का तिकडं?"

"तिकडे लोक मजेसाठी चालवतात, काका."

"मजेसाठी?" ते माझ्याकडे असं पाहत, जणू मीच ती कंपनी काढली आहे. मग हात झटकत. "जाऊ द्या. पुढचं मॉडेल येऊ द्या."

काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "त्याहीनंच पाठवलं न पोराले वर. मशीन पाहून पाठवलं. जागा नाई पाहिली. मी काई बोलत नाई, थे बी काई बोलत नाई." माझी बायको त्या दिवसापासून कप हळू ठेवते.

मागच्या आठवड्यात पुढच्या हंगामाच्या गाड्यांचे व्हिडिओ आले. सकाळीच हाक आली. मी शाळेच्या घाईत होतो, डबा हातात, तसाच गेलो. गुलाबरावांनी मोबाइल पुढे केला. पांढऱ्या शुभ्र डोंगरावर एक दाढीवाला तरुण नव्या गाडीजवळ उभा राहून भराभरा बोलत होता. नवा पट्टा, कमी वजन, हँडलवर स्क्रीन, वगैरे. सीट आखूडच होती. एकट्यापुरती.

"काय म्हनते थो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकून खालच्या काजात गेलेलं. आत काकू दगडावर कपडे आपटत होत्या. इतकी वर्षं शब्दाला शब्द लावून सांगत आलो होतो. त्या सकाळी माझ्याने ते झालं नाही.

"म्हणतो, यंदा मोठी सुधारणा आहे," मी म्हणालो. "गाडी पहिल्यापेक्षा हलकी आहे, आणि खोल बर्फातही तिघे बसतात. चालवणारा, मध्ये आजारी माणूस, आणि त्याच्या मागे तिसरा. मागे धरायला दांडी दिली आहे. तिघे आरामात खाली येतात."

गुलाबरावांनी व्हिडिओ मागे नेला, चित्र थांबवलं आणि त्या सीटवर बोट फिरवलं.

"सर, तुमाले खोटं बोलता येत नाई. सीट दिसून राहिली न मले. एकाचीच हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा हातात तसाच धरून मी उभा होतो.

"पन तुम्ही बसवलं त्याले," ते म्हणाले.

मग सरकून त्यांनी मला ओसरीवर जागा केली, मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"आजून एक डाव सांगा, सर. कोठं बसला थो?"

शाळेची घंटा ऐकू येत होती. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगू लागलो.