ते तिचं होतं

बिराजदार बाईंसमोर कुणी दुसऱ्याचं वाक्य पूर्ण केलं, की चोर रंगेहाथ पकडल्यासारख्या त्या बघत आणि म्हणत, "ते त्यांचं होतं. तुम्ही का घेतलं?"

बाई आमच्या शाळेत वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या. अडखळणाऱ्या, शब्द नीट न उमटणाऱ्या मुलांना त्या आठवड्यातून तीन दिवस शिकवत. बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावाला हे पदनाम झेपलं नाही. गावानं 'बोलीच्या मॅडम' असं सोपं करून घेतलं. म्हैस ओरडायची बंद झाली म्हणून एक म्हातारबा थेट बाईंकडे आला होता. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट दाखवली.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक. लातूरला घराजवळ सोय झाली म्हणून बाई गेल्या, असं गाव आजही सांगतं. ते खोटं आहे आणि ते मीच पसरवलं.

समोरचा बोलता बोलता अडला, की बाई उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकेक टेकवत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. शब्द आला नाही, तर पुन्हा अंगठा. आमच्या भागात ही रीत टिकण्यासारखी नव्हती. आमच्याकडे माणूस तोंड उघडतो, तोवर शेजारचा त्याचं म्हणणं सांगून, त्याला उत्तर देऊन, वर चहा मागवून मोकळा झालेला असतो.

एकदा आमचा शिपाई गणपत म्हणाला, "सर, उद्या मला जरा..."

"रजा ना? घे," मी म्हणालो.

"सर, ते त्यांचं होतं," बाई म्हणाल्या. "बोला गणपतराव."

गणपतला पाण्याची टाकी गळून राहिली म्हणून सांगायचं होतं. उद्या दुरुस्तीवाला आणू का, एवढंच विचारायचं होतं. पण रजेचं कानावर पडल्यावर त्याला टाकी काही आठवेना. "न्हाई मॅडम, सर म्हणले तेच," म्हणून तो गेला. टाकी तीन दिवस गळत राहिली.

खिचडीच्या खोलीशेजारी बाईंची खोली होती. एक आरसा, चित्रांची कार्डं, साबणाचे फुगे. एकदा मी खिडकीशी पूर्ण तास उभा राहिलो. आत बाई आणि तिसरीतली मनीषा समोरासमोर गप्प बसलेल्या. फक्त बाईंची बोटं हलत होती. तास संपता संपता मनीषा म्हणाली, "पा... पाणी." बाईंनी शाबासकी दिली नाही. स्वतःची बाटली तिच्यापुढे सरकवली. मी माझ्या वहीत लिहिलं : एका तासात एक शब्द.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं मनीषालाच नाव विचारलं. ती उभी राहिली. "म... म..." कोपऱ्यात बाईंची बोटं चालू झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"मनीषा, साहेब," मी म्हणालो. "पोरगी हुशार हाय."

मनीषानं तोंड मिटलं.

"सर, ते तिचं होतं," बाई म्हणाल्या. भर वर्गात.

साहेब हसले. "हेडमास्तर, तुमच्यापेक्षा बाईच कडक हायत की!" मीही हसलो. दुपारी दार लावून शेरा लिहिला : 'तासिकेत बाई व विद्यार्थिनी गप्प बसून असतात. अध्यापन होत नाही. या सेवेची शाळेस आवश्यकता नाही.' यातलं पहिलं वाक्य खरं होतं. बाकीचं खरं वाटावं एवढ्यासाठी ते आधी घातलं होतं. खाली सही, शिक्का.

जूनमध्ये बाई आल्या नाहीत. त्यांच्या खोलीत मी तांदळाची पोती ठेवायला लावली. पहिल्या दिवशी मनीषा येऊन त्या पोत्यांसमोर बसली. सातवी होऊन जाईपर्यंत ती पाणी मागताना अंगठा तोंडाला लावून दाखवायची.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे नांदेडला आलो. गेल्या महिन्यात एकटाच लातूरची बस धरली.

बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. खोलीत दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा समोरासमोर. मी विचारलं, कुणी येतं का?

"खालून भावजय येते, सुमन," बाई म्हणाल्या. "पण ती माझंच बोलून टाकते." मग त्यांनी विचारलं, "मनीषा बोलते का हो आता?"

मला माहीत नव्हतं. मी कधी चौकशीच केली नव्हती.

"बाई, तो शेरा..." एवढं म्हणालो आणि अडलो. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी.

तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली. "शेऱ्याचं व्हय सर? लई वर्सं झाली की. आक्काला समदं ठाव हाय. तुमीच लिव..."

बाईंनी हात वर केला. "सुमन, थांब. ते त्यांचं आहे."

चहावर साय धरली. बाईंचा अंगठा गुडघ्यावर टेकला. मग शेजारचं बोट. करंगळी आली, पुन्हा अंगठा आला. त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्या फेरीत मी म्हणालो, "तो... मी लिहिला होता."

बाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.