किसनकाकांनी नापास केलेली खिडकी

आमच्या शेजारी किसनकाकांच्या दोरीवर कपडे कमी आणि खिडक्यांचे तुकडे जास्त वाळत असायचे. सागवानाची वीतभर फळी, ॲल्युमिनियमची पट्टी, लोखंडी अँगल, पांढऱ्या यूपीव्हीसी प्लास्टिकचा तुकडा. सगळे सुतळीनं बांधलेले आणि प्रत्येकावर खडूनं तारीख. बोळातून जाणारा नवा माणूस थबकायचाच. एका पाहुण्यानं तर मला हळूच विचारलं, "हे करणी-बिरणी तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "करणीच हाये. माझ्यावर केलेली."

कारण खिडक्या माझ्या होत्या! हट्टा गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याला दोन गोष्टी जमत नाहीत, हळू बोलणं आणि वाट बघणं. घरातल्या जुन्या लाकडी चौकटी उधईनं अशा खाल्ल्या होत्या की बोट लावलं की भुसा. चारही खिडक्या काढून टाकल्या, नव्या बसवायच्या ठरवल्या, आणि माझी मती फिरली म्हणून काकांचा सल्ला घेतला.

काका तीस वर्षं सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची, शेताला पाणी सोडायचं, गळती शोधायची. नोकरी संपली तसा कालवा सुटला, गळती शोधणं मात्र सुटलं नाही. कोणत्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच, "पान्याला इचारलं का?" कुणी नवी चप्पल आणली की बादलीत. घड्याळ आणलं की बादलीत. माझ्या मेहुण्यानं "काका, हा मोबाइल वॉटरप्रूफ हाये बरं का" अशी फुशारकी मारली, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोबाइल रांजणाच्या तळाशी! मेहुणा तेव्हापासून आमच्याकडं मुक्कामाला येत नाही. तेवढे काकांचे उपकार मी मानतो.

तर काका पिशवी घेऊन आले. पिशवीत खडू, चुंबक, छोटी हातोडी आणि काठ चेपलेली एक स्टीलची वाटी.

"वाटी कशाला काका?"

"हवा मोजायला."

आता आयुष्यभर पाणी मोजलेला माणूस. मोजत असेल बुवा वाटीनं हवा.

पहिल्याच सकाळी त्यांनी तीन खिडक्या निकालात काढल्या. बैठकीला ॲल्युमिनियम, पास. निजायच्या खोलीला यूपीव्हीसी, पास. न्हाणीला सिमेंटची चौकट, पास. बादलीसुद्धा मागितली नाही. मी मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, लोक उगाच काकांना नावं ठेवतात.

मग आली चौथी, स्वयंपाकघराची. ही बोळाकडं उघडते, आणि समोर दोन हातांवर काकांच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिथं जे गाडं अडलं ते आठ महिने!

खिडक्या करणारा रफीकमिस्त्री गावातलाच. बिचारा दर पंधरा दिवसांनी नवा नमुना घेऊन यायचा. सागवान आणलं, काकांनी रात्रभर भिजवलं आणि म्हणाले, "फुगते." लोखंड आणलं, "गंजते." ॲल्युमिनियम आणलं.

"काका, बैठकीत तुमीच पास केलं की हे!"

"बैठकीत ऊन हाये का एवढं? हात लावून पाह. भाकर भाजती याच्यावर."

यूपीव्हीसी आणलं. हातोडीनं ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "आतून पोकळ बोलून राहिलं हे. पोकळ मानसाचा अन् पोकळ सामानाचा भरोसा न्हाई."

वानरांच्या भीतीनं कोणत्याही खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल हे हवंच. रफीक ग्रिलचा नमुना धरून उभा राहायचा. काका सगळ्यात शेवटी वाटी काढायचे, ग्रिलला लावायचे, मान हलवायचे. "नापास."

"चाचा," रफीक एकदा कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमको आखिर होना क्या?"

काका म्हणाले, "बराबर खिडकी होना."

तोवर खिडकीला माझ्या गिरणीतलं पोतं लटकत होतं. पावसाळा गेला, थंडी गेली. एक दिवस एक वानर पोतं सारून आत आलं आणि दुरडीतल्या चार भाकरी उचलून समोरच्या पत्र्यावर बसून आमच्याकडं बघत खाल्ल्या. माझं डोकं सणकलं. तसाच काकांच्या दारात गेलो आणि गिरणी चालू असल्यासारखा ओरडलो, "बास झालं तुमचं काका! आठ महिने झाले! उद्या मी रफीकला सांगून जे असंल ते ठोकून घेतो. पुन्हा माझ्या खिडकीला हात लावायचा न्हाई."

वाटलं, काका भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "बरं" म्हणाले. दोरीवरचे तुकडे एक एक करून सोडले, पिशवीत भरले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी मंगल माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडी मात्र खूप बोलली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला लाइट गेली. गिरणी बंद करून मी अकराच्या सुमारास घरी आलो. एरवी दोनच्या आधी माझं तोंड घराला दिसत नाही. स्वयंपाकघरात पाय टाकला आणि दारातच थांबलो. पोतं वर खोचलेलं. पलीकडून काकांचा हात आलेला, हातात तीच काठ चेपलेली वाटी, वाटीत दोन लिंबं. मंगलनं लिंबं काढून घेतली, वाटीत वांग्याची भाजी वाढली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"तिखट झाली जराशी, काका."

"चालते माय." मग वाटी सावरत म्हणाले, "उद्यापासून नको करू. तुझे मालक खिडकी बसवून राहिले."

पलीकडची खिडकी लागली. मंगलनं वळून पाहिलं तर मी उभा.

"कधीपासून चालू हाये हे?" मी विचारलं.

"काकू गेल्या तवापासून, रोज आकराला. चार वर्षं झाली. त्याच्याआधी तुमच्या आईचं अन् काकूंचं चालायचं. जुन्या खिडकीचा एक गज आईनंच काढून ठेवला होता, वाटी जावी म्हनून."

मला तो गज आठवला. लहानपणापासून मला वाटायचं, तो पडला असेल.

"मग दारानं काहून देत न्हाईस? जेवायलाच बोलव की!"

"बोलवलं न्हाई का? दहा डाव बोलवलं. येत न्हाईत. म्हंतात, दारातून वाटी नेली का मागितल्यावानी होते, खिडकीतून नेली का शेजार होते." मंगलनं पदरानं नाक पुसलं. "अन् रिकामी वाटी कधी दिली न्हाई त्यांनी. लिंबं, कढीपत्ता, मूठभर हरभरे, काईतरी असतेच. एकदा घरात काहीच नव्हतं, तं तुमचा तो खिडकीचा पांढरा तुकडा धुवून टाकला होता वाटीत."

मला हसू फुटलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सागवान फुगो नाहीतर लोखंड गंजो, काकांना त्याचं काय होतं? ग्रिलमधून वाटी जात नव्हती, एवढंच. बाकीच्या तीन खिडक्यांतून वाटी जायची नव्हती, म्हणून त्या एका सकाळी पास. आणि हे माणसानं तोंडानं सांगायचं कसं? मला, ज्याला गिरणीच्या आवाजात कुणाचं काही ऐकूच येत नाही?

मी तडक रफीककडं गेलो. ग्रिलला खाली मधोमध वीतभराची झडप करायला लावली, आतून कडी. संध्याकाळी तो ग्रिल घेऊन आला. मी पाण्याची बादली भरून ठेवली आणि काकांना बोलवायला गेलो. ते आले, पण पिशवी न आणता.

"काका, चुकलो मी," मी म्हटलं. "एकदा हवा मोजा."

त्यांनी झडप पाहिली. माझ्याकडं पाहिलं, मंगलकडं पाहिलं. मग घरी गेले आणि वाटी घेऊन आले. झडपेतून वाटी पलीकडं नेली, अलीकडं आणली. पुन्हा एकदा नेली, या वेळी दोन्ही हातांनी धरून, भरलेली असल्यासारखी सावकाश. कुठं अडली नाही.

रफीकनं आपल्याकडचे नमुने ओट्यावर मांडले. "अब बोलो चाचा, फ्रेम काहे की डालूं? सागवान, लोहा, ॲल्युमिनियम?" आणि हसत बादली पुढं सरकवली.

काकांनी बादलीकडं बघितलंसुद्धा नाही.

"कोनतंबी टाक, बाबा," ते म्हणाले. "पर उद्या आकराच्या आत बशीव."

गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही म्हणतात. "बसवतो काका," हे मी इतकं हळू म्हणालो की मंगलला ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं.