रीडिंगचे प्रातिनिधिक मच्छीमार

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात, स्टेशनजवळच्या एका काचेच्या इमारतीत एका लहानशा बेटाच्या देशाचं बंदर उभारायचं काम रीतसर सुरू झालं. बंदर अर्थातच बेटावर होणार होतं. पण ते कुठे, कसं आणि कुणासाठी व्हावं हे ठरवायला समुद्र लागत नाही, बरीशी मीटिंग रूम लागते, असा त्या कन्सल्टन्सीचा अनेक वर्षांचा अनुभव होता. व्यापारी बंदर एका टीमकडे गेलं आणि मच्छीमार बंदर विनयकडे आलं. गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे त्या देशाला 'पफिन' हे सांकेतिक नाव देण्यात आलं. पफिन हा स्कॉटलंडच्या गारठ्यात राहणारा पक्षी आणि बेट विषुववृत्ताजवळचं. पण पेलिकन आधीच एका सांडपाण्याच्या प्रकल्पाला देऊन झाला होता, त्याला इलाज नव्हता.

विनय मूळचा पुण्याचा, शिकलेला, सालस माणूस. संध्याकाळी घरून केलेल्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्याची गाठ तिथल्या मत्स्य खात्यातल्या मारेताशी पडली. तिने फोन उचलला आणि सरळ किनाऱ्यावर नेऊन धरला. माणसं छातीभर पाण्यातून डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन येत होती. होड्या उघड्यावर लाटा खात होत्या.

"माझ्या भावाची होडी गेल्या वादळात खडकावर फुटली," ती म्हणाली. "आम्हाला एक धक्का द्या. आडोसा असलेला. होड्या लागतील, मासळी उतरेल, बर्फ ठेवता येईल. बाकी तुमच्या बंदरात काय करायचं ते करा."

"पुढची वादळं यायच्या आत धक्का उभा राहील," विनय म्हणाला. "माझा शब्द."

तो हे मनापासून बोलला होता. रात्री जेवताना त्याने बायकोला, सुनीतीला, पुन्हा पुन्हा सांगितलं, की आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी खरोखर उपयोगाचं काम हातात आलंय. सुनीतीलाही बरं वाटलं. एरवी तो मोटरवेलगतच्या कार पार्कांची रेखाटनं करायचा.

आता, असा प्रकल्प करायचा तर स्थानिक मच्छीमारांशी सल्लामसलत करणं बंधनकारक असतं. पैसे देणाऱ्या संस्थेची ती अट होती. विनयने विमानाचं तिकीट मागितलं. त्याची बॉस जिलियन हळहळली.

"आय वुड लव्ह टू, विनय. पण कार्बन पॉलिसी! समुद्राची पातळी वाढतेय. त्या बिचाऱ्या बेटांचा तरी विचार कर."

बेटाचा विचार करून बेटावर जायचं नाही, असं ठरलं. जिलियन त्याच आठवड्यात सिंगापूरला जाऊन कार्बन बचतीचं पारितोषिक घेऊन आली. पारितोषिक टपालाने पाठवत नाहीत.

मग व्हिडिओवर सभा घ्यायचं ठरलं. पण सहभागी लोकांकडे स्थिर ब्रॉडबँड हवं, फोटो असलेलं ओळखपत्र हवं आणि ते इंग्लंडच्या ऑफिसच्या वेळेत हजर हवेत. त्या वेळी बेटावर रात्र असते आणि मच्छीमार समुद्रावर असतात. मारेताने सुचवलं, की त्यांच्या सकाळी घेऊ. जिलियनने स्टाफच्या मानसिक आरोग्याचं कारण पुढे केलं. मच्छीमार सभेला आले नाहीत, याची 'समाजाची उदासीनता' अशी नोंद झाली.

अशा वेळी काय करावं, हेही पॉलिसीत होतं. मूळ समाज उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी 'समतुल्य समाज' घेता येतो. समतुल्य म्हणजे एकमेकांना धरून राहणारा, किनारपट्टीशी नातं सांगणारा, मासे खाणारा आणि पाण्याशी निगडित सण साजरे करणारा.

जिलियनने विनयकडे बघितलं. "तुमचं ते मराठी मंडळ... यू डू समथिंग विथ वॉटर, डोन्ट यू?"

"गणपती विसर्जन. पण जिलियन, आमच्याकडे सगळे सॉफ्टवेअरवाले आहेत."

"आणि मासे?"

"खातात. निम्मे खातात."

"पर्फेक्ट. निम्मं म्हणजे बॅलन्स्ड सॅम्पल."

विनयला हे पटलं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर प्रकल्प लांबला असता आणि मारेताला दिलेला शब्द गेला असता. शिवाय आपलीच माणसं आहेत, धक्का हवा म्हणतील आणि घरी जातील, असा त्याचा साधा हिशेब होता.

वुडलीच्या कम्युनिटी हॉलमध्ये मंडळाची सभा भरली. कंपनीने हॉलचं भाडं भरलं, चहा आणि बटाटेवडेही दिले, त्यामुळे उपस्थिती गणेशोत्सवाच्या तोडीची होती. विनयने नकाशा लावला, धक्का कुठे होणार ते दाखवलं आणि मत विचारलं. मराठी माणसाला मत विचारण्यातला धोका त्याला ठाऊक असायला हवा होता.

मंडळाच्या अध्यक्ष सुप्रभाताई उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, आवाज अजून वर्गावरच्या मास्तरणीचा. "धक्का हवाच. गरिबांची सोय झालीच पाहिजे. माझं एवढंच म्हणणं, की वास येता कामा नये."

"ताई, मासळीचा धक्का आहे."

"म्हणूनच म्हणतेय. जरा लांब ठेवा. लोक फिरायला येतील, त्यांनी नाकाला रुमाल लावायचा का?"

शशी रीडिंगच्या एका बँकेत डेटा अॅनालिस्ट होता. त्याने हात वर केला. "पार्किंगचं काय? फर्स्ट प्रॉब्लेम पार्किंगचा होणार. आणि ईव्ही चार्जर्स."

"तिथे गाड्या फारशा नाहीत रे."

"अरे, म्हणून तर आत्ताच प्रोव्हिजन करायला पाहिजे!"

मग सभा रंगली. विसर्जनासाठी पायऱ्या हव्यात. स्टेज असलेला हॉल हवा, साउंड सिस्टम चांगली हवी. एक व्हेज काउंटर हवा आणि तो वेगळा हवा, नुसती मध्ये काच लावून चालणार नाही. टॉयलेट्स स्वच्छ हवीत. सूर्यास्त बघायला बाकं हवीत आणि बाकांसमोर होड्या नकोत, व्ह्यू जातो. धक्क्याला मात्र एकानेही विरोध केला नाही. फक्त जो तो त्याला थोडा पलीकडे सरकवत होता.

कन्सल्टन्सीने या सभेचा अहवाल फार आस्थेने केला. 'मच्छीमार समाजाचा आवाज' असं त्याचं शीर्षक होतं. वासाच्या मागणीवर स्वतंत्र अभ्यास झाला. केंब्रिजच्या एका तज्ज्ञाने मासळीचा वास वाऱ्याबरोबर किती दूर जातो याचं मॉडेल तयार केलं आणि धक्का व फिरायची जागा यांत किमान किती अंतर हवं ते काढून दिलं. विनयने ते अंतर नकाशावर मांडलं. पुन्हा मांडलं. मग तो जिलियनकडे गेला.

"बेट एवढं मोठं नाहीये," तो म्हणाला. "धक्का कुठेही ठेवला तरी तो बेटाबाहेर जातो."

"मग बाहेर ठेव."

"बाहेर समुद्र आहे."

"आणि समुद्रापलीकडे?"

"पलीकडे दुसरा देश आहे, जिलियन."

जिलियनचा चेहरा उजळला. प्रादेशिक सहकार्यासाठी वेगळा निधी मिळतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. अशा रीतीने पफिनचा मच्छीमार धक्का शेजारच्या देशात मंजूर झाला. मूळ जागी पार्किंग आलं.

मारेताचा फोन आला तेव्हा विनय फोनकडे बघत बसला. शेवटी त्याने उचलला.

"विनय, धक्का नकाशाच्या बाहेर गेलाय. छापताना चूक झाली का?"

"चूक नाही. सल्लामसलतीत तसं मत आलं."

"कुणाचं?"

"मच्छीमार समाजाचं," विनय म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

"आमच्या होड्या तिथवर पोचत नाहीत. दोन दिवस जातील. मासळी वाटेतच कुजेल."

"त्यासाठी ट्रेनिंगची तरतूद आहे," विनय म्हणाला. मारेताने फोन ठेवून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्याला झोप लागेना. तो पुन्हा जिलियनकडे गेला आणि हा निर्णय रद्द करा म्हणाला. जिलियन गंभीर झाली.

"विनय, मच्छीमारांनी आपलं मत मांडलंय. आपण लंडनच्या आसपास एसीत बसून ते डावलायचं? दॅट्स कलोनियल."

वसाहतवादाचा आरोप आल्यावर बोलणं खुंटलं. मत बदलायचंच असेल तर ते मच्छीमारांनीच बदलायला हवं होतं. म्हणून विनय सुप्रभाताईंच्या घरी गेला. शशी तिथे आधीच बसला होता. कंपनीने मंडळाला दिलेली 'प्रातिनिधिक मच्छीमार समाज' अशी काचेची पाटी टीव्हीशेजारी मांडलेली होती.

"अरे, पण आम्ही कुठे नको म्हटलं?" सुप्रभाताई म्हणाल्या. "आम्ही फक्त सूचना केल्या."

"तेवढंच लिहून द्या, ताई. वासाची अट मागे घेतो, धक्का बेटावरच हवा."

"असं मी एकटी कसं देऊ? मंडळाची घटना आहे. सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर उशीर होईल. वादळं त्याच सुमारास सुरू होतात."

"स्पीकिंग अॅज अ फिशरमन," शशी म्हणाला, "आम्हाला पण आमचा प्रोसेस असतो, विनय."

तो हे थट्टेने म्हणत नव्हता. प्रातिनिधिक मच्छीमार म्हणून त्याने नुकतंच हाउन्सलोच्या एका परिषदेत भाषण केलं होतं आणि त्याला उभं राहून टाळ्या मिळाल्या होत्या.

घरी आल्यावर सुनीतीने मार्ग काढला. ती मंडळाची सचिव होती. "मी तातडीची सभा बोलावते. सचिवांना तेवढा अधिकार आहे. गुरुवारी घेऊ. तू उभा राहा, मारेताच्या त्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखव. आपली माणसं वाईट नाहीत रे, त्यांनी पाहिलंच नाहीये. लगेच हो म्हणतील."

तिचं बरोबर होतं. व्हिडिओ पाहून सुप्रभाताई रडल्या असत्या आणि धक्का जागेवर आला असता.

"गुरुवारी नको," विनय म्हणाला.

"का?"

"गुरुवारी माझा इंटरव्ह्यू आहे. डायरेक्टर, आयलंड नेशन्स. पफिनवरच घेतायत. आत्ता मीच कन्सल्टेशन चुकीचं होतं म्हटलं तर... एकदा डायरेक्टर झालो ना, की आतून सगळं दुरुस्त करता येईल."

"बरं," सुनीती एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

विनय डायरेक्टर झाला. दिवाळीनंतर सर्वसाधारण सभा झाली, पण तिचा सगळा वेळ दिवाळीच्या फराळात चकल्या कमी का पडल्या यात गेला. वादळं आपल्या वेळेवर येऊन गेली. बंदर मात्र उत्तम झालं. पर्यटकांची मोठमोठी जहाजं तिथे लागू लागली आणि पैसे देणाऱ्या संस्थेने लोकसहभागाचा आदर्श नमुना म्हणून त्याचा गौरव केला.

पुढे मंडळाने क्रूझची सहल काढली. स्वतःच्या सुट्टीला कार्बन पॉलिसी लागू नसते, त्यामुळे विनयही गेला. जहाज बंदराला लागलं. समोर भलीमोठी कमान होती: 'वेलकम टू पफिन पोर्ट'. साऱ्या कागदांवर तेच नाव होतं, ठेकेदाराने तेच लावलं. दुकानात कापडी पफिन विकायला होते. विसर्जनाच्या पायऱ्या झकास झाल्या होत्या, चार्जरपाशी एकही गाडी नव्हती आणि वासाचं तर नाव नव्हतं. जेवायला सुरमई होती, बाहेरून गोठवून आणलेली.

"एवढ्या लांब समुद्रात यायचं आणि शिळी सुरमई खायची?" सुप्रभाताईंनी ताट सरकवलं. "इथे ताजी मासळी नाही? कोळी कुठे गेले?"

कोळी होते. बाकांपलीकडे एका छपराखाली सहाजण नवं कोरं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. जहाज आलं की बसायचं, जहाज गेलं की उठायचं. त्यांच्या शेजारी बंदराच्या गणवेशातली मारेता फोटोसाठी रांग लावत होती. विनय पुढे झाला. काय बोलावं ते न सुचून त्याने विचारलं, "तुमचे भाऊ?"

"डावीकडून दुसरा," मारेता म्हणाली. "या नोकरीत होडी लागत नाही."

"मारेता, मी खरंच प्रयत्न..."

"ते राहू द्या," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही त्या कमानीवर आमच्या देशाचं नाव लावायला अर्ज केलाय. डायरेक्टरांची सही हवी म्हणतात. करा ना. काय नाव लिहायचं ते तुम्हाला माहीतच असेल."

विनयने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा लावून टाकलं. मारेता रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.

आता तुम्ही विनयला खुशाल हसा. पण देशाचं नाव या गोष्टीत कुठेच नाही. एवढं सगळं वाचलंत, पार्किंगचं कळलं, चकल्यांचं कळलं, आणि तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही.