रंग टिकवायचा की घालवायचा

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात धुण्याची पावडर हा गंभीर विषय आहे, कारण आबासाहेब पांढरे सदरे घालतात. पांढरा सदरा हे त्यांचं चारित्र्य असून ते रोज धुवावं लागतं. त्यांच्या कपाटात सदरे मोजके, उपरणी मात्र ढीगभर. ज्या ज्या पक्षाने त्यांना सन्मानाने प्रवेश दिला, त्याने एकेक उपरणं गळ्यात घातलं होतं.

नुकताच त्यांनी डाळिंबी उपरण्याचा पक्ष विचारपूर्वक सोडला. जांभळ्या उपरण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी गावात येऊन त्यांना पक्षात घेणार होते आणि जिल्हा परिषदेचं तिकीट तिथेच जाहीर करणार होते. नेमकी त्याच वेळी त्यांच्या पत्नी मालनबाई यांच्याकडून प्रशासकीय चूक झाली. होते नव्हते ते सगळे सदरे त्यांनी डाळिंबी उपरण्यासोबत एकाच बादलीत भिजवले. सदरे गुलाबी निघाले.

"जुन्या पक्षाचा रंग अंगावर घिऊन नव्या पक्षात जाऊ का मी?" आबासाहेब म्हणाले. "नवा सदरा घातला, तर लोक म्हननार खोकं मिळालं. पांढऱ्याला येगळी पावडर, रंगीताला येगळी, एवढं कळत न्हाई?"

"मला कापडाचं कळतं," मालनबाई म्हणाल्या. "तुमी कशात मोडता ते सांगा, मी तसली आनते."

शेवटी आबासाहेब स्वतःच सूर्यभानच्या किराणा दुकानात गेले.

"रंग टिकवायचाय का घालवायचाय?" सूर्यभानने विचारलं.

"आधीचा घालवायचाय. नवा टिकवायचाय."

"कुठवर टिकवायचाय?"

"निकालापर्यंत."

सूर्यभानने दोन पुडे समोर ठेवले. पांढऱ्या कपड्यांच्या पुड्यावर 'जुनाट डाग घालवते' असं छापलं होतं, रंगीत कपड्यांच्या पुड्यावर 'रंगाशी एकनिष्ठ'. दुसऱ्या पुड्याला आबासाहेबांनी हातही लावला नाही. "ही आपल्या कामाची न्हाई," ते म्हणाले.

पांढऱ्याच्या पावडरीने गुलाबी रंग फिका झाला, पण गेला नाही. मग मालनबाईंनी जन्मभराच्या सवयीने सदऱ्याला नीळ दिली, आणि काळजीपोटी जरा जास्तच दिली. गुलाबीत निळा मिसळला आणि सदरा जांभळा झाला. तोवर साहेबांच्या गाड्या वेशीत आल्या होत्या. आबासाहेब तोच ओलसर सदरा घालून घामाघूम होत मंचावर चढले.

साहेब हातात उपरणं धरून बघतच राहिले. मग त्यांनी माइक ओढला. "उपरणं कुणीही घालतं. हा माणूस सदऱ्यासकट आलाय." त्यांनी उपरणं आबासाहेबांच्या गळ्यात घातलं आणि तिकीट जाहीर झालं. तिकिटाच्या आशेने वर्षानुवर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलणारे राधाकृष्ण पहिल्या रांगेत स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. "तुमची निष्ठा अजून कोरी दिसते," असं साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं. संध्याकाळपर्यंत सूर्यभानच्या दुकानातली नीळ संपली.

आबासाहेब दणदणीत निवडून आले. जिल्हा परिषदेत सत्ता मात्र पोपटी उपरण्यांची आली, त्यामुळे तालुक्याच्या विकासासाठी त्यांना तातडीने पोपटी व्हावं लागलं. आश्चर्य म्हणजे सदऱ्याचा जांभळा रंग एका धुण्यात उतरला. पावडर तीच होती.

दुसऱ्या दिवशी मालनबाई दुकानात आल्या. त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मतदानाची शाई नखाशी तशीच होती.

"ह्याला कंची पावडर?"

सूर्यभानने स्वतःचं बोट दाखवलं. "मी दोनी पुडे घासून बघितले, वैनी. आख्ख्या गावात हीच तेवढी रंगाशी एकनिष्ठ हाय."

तुम्ही हसताय, हसा. पण आमच्या गावाला हसताना स्वतःचा डावा हात जरा उजेडात धरून बघा. डाग अजून असेल, नाहीतर नुकताच गेला असेल. पुढच्या खेपेला तुम्ही तेच बोट पुढे कराल, आणि बाहेर येऊन त्याचा फोटोही काढाल.