येतानाचं बोल

गाडी विकणाऱ्या माणसाला माझी भागीआत्या पहिला प्रश्न विचारते तो असा: "तुझी बायको माहेरी कशात जाते?"

गाडी किती चालली, टायर कधी बदलले, कुठं ठोकली होती का, हे सगळे विचारतात. आत्या बायकोचं माहेर विचारते. समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्याकडे बघतो, आणि तोंड कुठं लपवावं ते न कळून मी बोनेटकडे बघतो. गेले दोन महिने शहापूर आणि मुरबाड तालुक्यात मी इतक्या बोनेटांकडे बघितलंय की आता मला माणसांपेक्षा बोनेटं लवकर ओळखू येतात.

मुळात आत्याला बोलावलं होतं कोणी? कोणीच नाही. शेणव्यात माझी पिठाची गिरण आहे. मुलगी मयुरी गेल्या वर्षी टोकावड्याला दिली. स्थळ मुरबाडकडचं म्हणून आत्या लग्नातसुद्धा धुसफुसत होती. मयुरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्यात पोरीला आणायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एसटीचे धक्के नकोत. म्हटलं, भाड्यानं गाडी करू. तर ओट्यावरून आत्या ओरडली, "दुसऱ्याच्या गाडीनं पोर आणायची नाय! सोताची घे."

म्हटलं बरं, जुनी सेडान घेऊ. मागच्या सीटवर मयुरीला पाय पसरून बसता येईल, सामानाला डिकी आहे. इथवर ठीक. तर ही बाई चपला घालून, हातात कापडी पिशवी घेऊन माझ्या आधी अंगणात उभी! "चल. मला दाखवल्याबिगर घ्यायची नाय."

"पिशवी कशाला?"

"ऱ्हाऊ दे."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तर. माझ्या जन्माआधी लग्न होऊन मुरबाडकडे गेली आणि दोनेक वर्षांत परत आली ती कायमची. का आली हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून ती चिडलेली आहे. दूधवाल्यावर चिडते, सरपंचावर चिडते, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईवर चिडते. कोंबडीनं अंडं उशिरा दिलं तर कोंबडीवर चिडते. चिडका स्वभाव आमच्या खानदानातच आहे, त्यामुळे मीही काही मागं नाही. एका मोटरसायकलवर दोन चिडलेली माणसं, अशी आमची वरात निघायची.

पहिली गाडी शहापूरच्या एका नोकरदार पोराची. पांढरीशुभ्र, पुसून लख्ख केलेली. आत्यानं प्रश्न टाकला. पोरगा भाबडा निघाला. म्हणाला, "ती भावाला बोलावते घ्यायला. त्याची गाडी नवीन आहे ना!"

"सुऱ्या, चल," आत्या म्हणाली. "याची बायको बसत नाय त्यात माझी नात बसवायची?"

"अहो आजी, गाडी बघा तर खरी!"

"तुझ्या बायकोनं बघितली ना? बास झालं."

दुसरी मुरबाडला. रस्त्याकडेला जुन्या गाड्या मांडून बसलेला एक इसम, गळ्यात साखळी, प्रत्येक गाडीला लिंबू-मिरची. बायकोच्या प्रश्नावर म्हणाला, "काकी, अजून लग्न कुठं झालंय?" आणि स्वतःच खो खो हसला. मग इंजिन सुरू केलं. "आवाज ऐका. मख्खन!"

आम्ही घाटाच्या रस्त्याला एक फेरी मारली. गाडी खरंच मस्त पळत होती. मी खूष. आत्या मागं, मांडीवर पिशवी. एका चढाच्या मध्यावर तिनं फर्मान काढलं, "थांबव. बंद कर."

"का हो काकी?"

"बंद कर म्हटलं ना! समोर टपरी हाय, चहा पिऊन या दोघं. मी हितंच बसते."

चहा पिऊन आलो. त्यानं चावी फिरवली. गाडी खाकरली. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरली आणि गप्प झाली.

"बॅटरी असंल काकी, नवीन टाकून देतो. जाताना बघितली ना कशी गेली?"

आत्या दार उघडून खाली उतरली. "जाताना सगळ्याच गाड्या जातात! येतानाचं बोल!"

ती गाडी आम्ही दोघांनी ढकलत फिरवली, उतारावरून परत आणली. आत्या मागून चालत होती आणि मला, त्याला आणि गाडीला आळीपाळीनं शिव्या घालत होती.

मग हा रोजचाच तमाशा झाला. एक गाडी नापास, का तर मागची काच खाली होईना. "पोरीला मळमळलं त कुठं ओकंल, तुझ्या डोक्यावर?" एक नापास, का तर मालक स्टेपनी दाखवायला कां कूं करत होता. एका गाडीत तिनं आमच्या आळीतल्या चार बायका कोंबल्या आणि गाडी डोळखांबच्या चढावर न्यायला लावली. चौघी उतरून, चालत वर पोचून, गप्पा मारून मोकळ्या झाल्या, गाडी आपली खालीच. प्रत्येक मालकाला शेवटी तेच ऐकवायची, "येतानाचं बोल!" तालुक्यात माझं नाव झालं. मी फोन केला की लोक विचारायचे, "ती म्हातारी पण येणार का बरोबर?"

तिकडं मयुरीला सातवा लागला. तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला: पुनवेनंतरच्या रविवारी न्यायला या, नाहीतर आमचं आम्ही इथंच करू. मयुरी रोज फोन करायची. "बाबा, येताय ना नक्की?" मी म्हणायचो, येतो गं. आत्या दाराआड उभी राहून ऐकायची आणि परसात निघून जायची.

रविवार तोंडावर आला. मी सरळ एक करडी गाडी पसंत केली आणि मालकाला ती दारात आणायला लावली. आत्या बाहेर आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "जाताना जाईल रे. येता—"

माझं डोकंच फिरलं. "पुरे झालं तुझं! आयुष्यभर चूल फुंकलीस, गाडीतलं काय कळतं गं तुला? उद्या पोर तिकडंच राहिली तर ती तुझ्यापायी!"

दळण घेऊन आलेल्या बायका डबे खाली ठेवून बघायला लागल्या. मी आत्याच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ती ओरडली नाही.

"माझी पैली दिवाळी," ती म्हणाली. "तुझ्या आज्यानं भाताच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी मागून घेतली, मला आणायला. तुझा बाप होता गाडीत. मी सकाळपासनं फाट्यावर उभी, पिशवी घेऊन. गाडी झकास निघाली म्हणं. माझ्याकडं येताना सरळगावला बंद पडली. मग त्यांनी ट्रकला दोर बांधून ती ओढत माघारी आणली. व्यापाऱ्याची ना, टाकून कशी येतील?"

तिनं नाक पुसलं.

"गाडी आणली, सुऱ्या. मला नाय आणलं."

"मग पुढच्या आठवड्यात तरी..."

"कोण नाय आलं. दिवे लागल्यावर मी आपली परत गेले. सासू दारातच हसली, आली का गो माहेरची गाडी? हिच्यामागं कोण नाय, हे त्यांना कळलं. मग काय, मोकळं रान."

मला संताप आला. सरळगावपासून तो फाटा कितीसा? चालत जायचं होतं! एकानं गाडीजवळ बसायचं, एकानं पोरीला आणायचं, इतकी साधी अक्कल नव्हती माझ्या बापाला? आणि आज्याला? दोघंही आता नाहीत, भांडणार कोणाशी? मी करड्या गाडीच्या मालकावर ओरडलो, "घेऊन जा ती गाडी!" त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आमची गाडी मिळाली किन्हवलीला. एक निवृत्त मास्तर, जुनी लाल सेडान, रंग उडालेला, एका दाराला पोचा. आत्यानं प्रश्न विचारला. मास्तर विचारात पडले, तेवढ्यात त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "हिच्यातनंच जाते की! डहाणूला. दर उन्हाळ्यात."

"आन् येताना?"

"येताना पण हिच्यातनंच. एकदा पंक्चर झाली होती, तेव्हा भर उन्हात मी ह्यांना काय काय बोलले!"

आत्यानं डिकी उघडून आत डोकं घातलं. चटईच्या शिवणीत तांदळाचे दाणे अडकलेले, आणि सुक्या बोंबलांचा असा वास, की मी दोन पावलं मागं सरलो. आत्यानं तो छातीभर घेतला. "माहेरचा वास हाय. घे."

तरी चढावर बंद करून चहा पिणं झालंच. मीही गुपचूप मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, इंजिन चांगलं आहे. आत्याला हे सांगितलं नाही, ती फुगून बसली असती.

रविवारी टोकावड्याला पोचलो तर मयुरी नवी साडी नेसून दारातच उभी. बाहेर पडताना तिची सासू गाडीकडे बघून म्हणाली, "जुनीच हाय वाटतं." आत्या म्हणाली, "जुनी हाय, पण आली ना?"

परत निघालो. सरळगावच्या अलीकडे एका फाट्यावर आत्या म्हणाली, "थांबव. बंद कर."

"आत्या, आता कसली परीक्षा? पोर अवघडलीय!"

"बंद कर रे."

केली. ती पिशवी घेऊन उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पदर नीट केला. आमच्या गावच्या दिशेनं बघत राहिली.

मयुरीनं काच खाली केली. "आजी, काही विसरलं का?"

आत्या वळली. दार उघडून आधी पिशवी आत ठेवली, मग मयुरीच्या शेजारी बसली आणि दार लावून घेतलं.

"किती उशीर केलात रे," ती म्हणाली. "चल आता, घरी चल."

मला पुढचा रस्ता धड दिसत नव्हता. मी चावी फिरवली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.