पंख्याची नाडी पाहणारे नाना

नानांनी पंख्याच्या लोखंडी बैठकीवर चहाने भरलेली बशी ठेवली की समजायचं, तपासणी सुरू झाली. चहावर बारीक तरंग उठले तर "सर्दी शे." चहा कडेने हिंदकळला तर "ताप शे." बशीच सरकत निघाली तर नाना आधी पंखा बंद करत आणि मग चहा पिऊन टाकत. वाया काही घालवायचं नाही.

नाना आमच्या जळगावच्या डाळ मिलमध्ये फिटर होते. नव्वद सालाच्या आसपास मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो. धरणगावकडच्या आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. नानांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. "काय बीएस्सी, पंखानी नाडी कोठे ऱ्हास, तुना पुस्तकमा लिखेल शे का?" नव्हतं लिहिलेलं. मग ते माझा हात धरून बेअरिंगच्या डब्यावर ठेवत. "उभी थरथर शे, तं पाया ढिला. आडवी शे, तं पातं जड." यंत्रांमधलं आज मला जे काही कळतं, त्याची सुरुवात त्या डब्यावर झाली.

धुळ्याला माझ्या लग्नात मांडवातला एक पंखा खडखडत होता. मंगलाष्टकं संपली तेव्हा नानांच्या एका हातात अक्षता होत्या आणि दुसऱ्या हातात त्या पंख्याची जाळी.

मिलच्या मागे निवडणीची शेड होती. पंचवीस-तीस बाया तिथे डाळ निवडत बसत. वर मचाणाजवळ भुसा ओढून घेणारा मोठा पंखा होता. हंगामात तो दिवसभर थांबत नसे, अगदी जेवणाच्या वेळीही नाही. त्याच्या आवाजात बाया हातवाऱ्यांनीच बोलत. पंखा ज्या भिंतीत ठोकला होता, तिच्या पलीकडे प्राथमिक शाळा होती. एक दिवस हेडमास्तर शेठजींकडे आले. म्हणाले, "फळा हलतो, खिडक्या वाजतात. मुलं आता पाढेसुद्धा तुमच्या पंख्याच्या तालावर म्हणतात."

शेठजींनी निकाल दिला, "सोमवारपासून शाळेच्या वेळेत पंखा बंद."

पंखा बंद म्हणजे सगळा भुसा बायांच्या नाकातोंडात. त्यांच्यात वयाने मोठ्या तान्हाअक्का. त्यांना आधीच खोकला होता. त्या नानांकडे आल्या. "नाना, पंखा बंद व्हयना तं मी घर बठसू. मंग खासू काय?"

"सोमवार लोंग थांब, अक्का," नाना म्हणाले.

शनिवारी सकाळी मी माझं शिक्षण कामाला लावलं. मऊ वस्तू आवाज शोषून घेते, हे मी वाचलेलं. पंख्याला चारी बाजूंनी बारदान गुंडाळलं. आवाज थोडा कमी झाला आणि भुसा ओढला जाणंही बंद झालं. नानांनी शांतपणे पाहिलं. "बीएस्सी, तोंडवर गोधडी लीसन कोनी दम लेस का?"

मग त्यांनी स्वतः हात घातला. पात्यांवर भुशाचे दगडासारखे थर बसले होते, ते खरवडले. चाक हाताने फिरवून सोडलं, तर प्रत्येक वेळी एकच पातं खाली येऊन थांबे. त्याच्या समोरच्या पात्याला नानांनी लोखंडाचा तुकडा जोडला. चाक कुठेही थांबू लागल्यावरच ते हसले. रविवारी पंखा भिंतीतून सोडवून जमिनीवरच्या लोखंडी घोड्यावर बसवला. घोड्याच्या पायांखाली ट्रकच्या टायरचं रबर घातलं. पंखा आणि पत्र्याचा पाइप यांच्यामध्ये ताडपत्रीची बाही शिवून बसवली, म्हणजे एकाची थरथर दुसऱ्याला लागायला नको.

सोमवारी पंखा चालू केला. भुसा पूर्वीसारखाच ओढला जात होता. हेडमास्तर मात्र विचारायला आले, "बंद केलात ना?" बायांना एकमेकींचं बोलणं ऐकू येऊ लागलं आणि पहिल्या अर्ध्या तासातच दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपलं. इतकी वर्षं आवाजामुळे राहून गेलं होतं.

एक वाजता नाना आणि मी वरच्या पाइपचे बोल्ट आवळायला मचाणावर चढलो होतो. तान्हाअक्का शिडीखाली आल्या, हात वर करून म्हणाल्या, "नाना, या जेवाले!"

नानांनी सवयीने मान हलवली. मग एकदम हातातला पाना खाली ठेवला आणि फळीवर बसले.

"आठेच उभी ऱ्हाये ती," शिडीखालच्या जागेकडे बोट करून ते म्हणाले.

त्यांची बायको याच शेडमध्ये कामाला होती आणि तीन वर्षांपूर्वी वारली, एवढंच मला माहीत होतं.

"रोज दुपारले असाच हात वर करे. तोंड हाले. माले वाटे, पंखा ठीक शे का, असं इचारस. मी मान हलावू."

"आणि त्या?"

"खाले बठी ऱ्हाये व्हई, वाट देखत." नानांनी हाताला लागलेलं ग्रीस पुसलं. "घर म्हने, 'तुम्ही हो म्हंतस नि येतस नहीं.' माले वाटे, माहेरनं म्हनस. मी तिले दोन दाव दोंडाईचाले लई गऊ. तरी तेच म्हने."

त्यांनी खाली ठेवलेला पाना मी उचलून पेटीत टाकला.

"नाना!" खालून तान्हाअक्का पुन्हा ओरडल्या. "भाकर थंडी व्हई राहिनी!"

"उनू!" नाना ओरडले. आलो, असं आमच्याकडे याच शब्दात सांगतात. पण एवढ्या शांत शेडमध्ये हाकेला ओ द्यायची त्यांना सवयच नव्हती. सगळ्या बाया दचकून वर बघू लागल्या. नाना शिडीच्या पहिल्या पायरीवर उतरले आणि पुन्हा एकदा म्हणाले, कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, "उनू."